औषधाची पारख आणि आपला अंगठा



बाजारात सोयाबीनचे नवे वाण आले म्हणजे आपल्या धार-देवासकडचा जाणता शेतकरी काय करतो? दुकानदाराच्या शब्दावर विसंबून सगळे रान त्याखाली घालीत नाही. पहिल्या वर्षी एका तुकड्यात नवे बी पेरतो आणि शेजारच्या तुकड्यात आपले नेहमीचे. दोहोंना खत सारखे, निंदणी-कोळपणी सारखी. मळणीच्या दिवशी दोन्हींचे माप वेगवेगळे घेतो आणि मगच पुढच्या वर्षीचे ठरवतो. शेजारी म्हणाला, "फार पिकले," तरी तो विचारतो, "कोणत्या जमिनीत? किती पाण्यावर? आणि जुने बी तिथे किती पिकले असते?"

औषधाची गोष्ट निघाली की मात्र हे शहाणपण आपण बांधावरच ठेवून येतो. अमक्याला गुण आला, एवढे ऐकले की आपल्याला पुरते. म्हणून या पाठात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. औषधाची पारख कशी होते, अशा पारखीतून अलीकडे आपल्या उपयोगाचे काय हाती आले, आणि उद्या आपल्याच घरच्या रुग्णावर अशी चाचणी करायची आहे असे कोणी म्हणाले तर काय विचारावे.

दानीएलाचे दहा दिवस

पवित्र शास्त्रात दानीएलाच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात अशी एक पारख आहे. बाबेलच्या राजाने आपल्या पंक्तीचे अन्न आणि द्राक्षारस त्या चार तरुणांना नेमून दिला होता. दानीएलाने कारभाऱ्याला विनवले की, आम्हांला दहा दिवस शाकान्न व पाणी द्या, मग राजाचे अन्न खाणाऱ्या तरुणांशी आमची तुलना करा आणि जे दिसेल त्याप्रमाणे ठरवा. वाद घालण्याऐवजी त्याने तुलना मागितली. वैद्यकीय चाचणीचे मर्म हेच आहे. दोन गट करावे, एक गोष्ट वेगळी ठेवावी, मुदत आधी ठरवावी आणि शेवटी दोन्हींकडे सारख्याच नजरेने पाहावे.

यात एक खोच आहे. नवे बी आपण नकळत विहिरीजवळच्या चांगल्या जमिनीत पेरतो. डॉक्टरही नवे औषध नकळत धडधाकट रुग्णाला देऊ शकतो. मग गुण औषधाचा की मूळच्या ताकदीचा, हे कळत नाही. यावरचा उपाय शेतीनेच शोधून दिला. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात अशी रीत घातली की, कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावे. यहूदाच्या जागी मथीयाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. चिठ्ठीला आपला-परका नसतो. शेतातली ही रीत पुढे दवाखान्यात गेली.

देवासच्या हवेपासून शिध्यापर्यंत

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या दारातले आहे. थोर गायक कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. त्या काळी क्षयावर कोरडी हवा, विश्रांती आणि चांगले अन्न याहून फारसे काही हाती नव्हते. योगायोग असा की, त्याच १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसीन या औषधाच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषध इतके थोडे होते की सर्वांना पुरणेच शक्य नव्हते. म्हणून १०७ रुग्णांची विभागणी चिठ्ठीच्या पद्धतीने केली. ५५ जणांना विश्रांती आणि औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. पुढे हे औषध आपल्याकडे मिळू लागले. कुमारजीही त्याने बरे झाले आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत गाऊ लागले.

त्या चाचणीने आणखी एक धडा दिला. एकटे स्ट्रेप्टोमायसीन घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांचे जंतू पुढे त्या औषधाला जुमानेनासे झाले आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा सुरुवातीचा फायदा बराचसा ओसरला होता. क्षयाची औषधे आज तीन-चार एकत्र देतात आणि बरे वाटले तरी मध्येच सोडू नका असे बजावतात, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरी पायरी आपल्या देशात घडली. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे काय, हा प्रश्न होता, कारण गरिबाला खाट मिळणे दुरापास्त. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राने १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या घरीच औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष आला. घरचे अन्न निकृष्ट आणि जागा अपुरी असूनही घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. त्यानंतर जगभर घरीच उपचार देण्याची पद्धत रुळली. पण औषध असले की अन्नाचे फारसे अडत नाही, असा अर्थ लावला गेला आणि आहाराचा विचार पुष्कळ वर्षे मागे पडला.

तो विचार २०२३ मध्ये पुन्हा पुढे आला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे यांच्यावर अभ्यास केला. औषधाबरोबर शिधा सर्वच रुग्णांना दिला. तुलनेसाठी कोणाही रुग्णाला उपाशी ठेवले नाही. वेगळेपण एवढेच की, एका गटात रुग्णाच्या घरच्या माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटातील घरची माणसे आपले नेहमीचे जेवण जेवत होती. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि थुंकीच्या तपासणीत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. रुग्णांमध्येही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू कमी आढळले.

तात्पर्य असे की, डाळ आणि तांदूळ औषधाची जागा घेत नाहीत, पण रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटेत कुंपण घालतात. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर डाळ, अंडी आणि दूध फक्त त्याच्याच ताटात नको. लेकरांच्या आणि त्यांच्या आईच्या ताटातही हवे. शासनाच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात येते की नाही, हे आशा कार्यकर्तीकडून पाहून घ्यावे.

आणखी काही निष्कर्ष

कमी वजनाचे बाळ. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतील चार रुग्णालये यांनी मिळून एक किलो आणि अठराशे ग्रॅमच्या दरम्यान वजन असलेल्या ३,२११ बाळांची तुलना केली. पूर्वी असे बाळ आधी पेटीत ठेवीत आणि स्थिरावल्यावर आईकडे देत. या चाचणीत एका गटातील बाळे जन्मल्याबरोबर आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या माणसाच्या उघड्या छातीशी ठेवली. पहिल्या २८ दिवसांत या गटात १०० मागे १२ बाळे दगावली, तर पेटीच्या गटात १०० मागे सुमारे १६. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे रुग्णालयात, डॉक्टर आणि परिचारिका यांच्या नजरेखाली करायचे आहे. पण बाळाला छातीशी धरू द्या, असे आईने किंवा आजीने मागण्यास संकोच करू नये.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आपल्या मराठवाड्यात, पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १९९९ पासून खेड्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ स्त्रिया मृत्यू पावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. गटांची संख्या सारखी धरून हिशेब केला तरी धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. हा निष्कर्ष २००९ चा. आयुष्यात एकदा केलेली तपासणीही इतकी मोलाची आहे. म्हणून तिशी ओलांडलेल्या बहिणींनी लाज बाजूला ठेवून ही तपासणी करून घ्यावी. त्याचबरोबर, ज्या स्त्रियांची तपासणी केली नाही त्यांच्याशी न्याय झाला काय, असा प्रश्न पुढे अनेक जाणत्यांनी विचारला. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याकडे आम्ही खाली येणार आहोत.

फवारणीचे विष. पिकावर मारण्याचे फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटात किंवा अंगावर गेले तर काय द्यावे, याबाबत बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. प्रालिडॉक्झिम हे औषध सलग शिरेतून दिलेल्या १०० रुग्णांपैकी १ दगावला, आणि थांबून थांबून दिलेल्या १०० पैकी ८. पण पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतील चाचणीत हेच औषध आणि नुसते मिठाचे सलाइन यांची तुलना झाली, तेव्हा औषधाचा फायदा दिसला नाही. दुसरीकडे, बांगलादेशात २०१२ मध्ये असे दिसले की, अॅट्रोपिन हे जुनेच औषध भराभर वाढत्या मात्रेने दिल्यास मृत्यू १०० मागे सुमारे २२ वरून ८ वर येतात. एका हंगामाच्या पिकावरून वाणाचा निकाल लागत नाही, तसाच एका चाचणीवरून औषधाचा लागत नाही. मात्र औषध कोणतेही असो, वेळ सर्वांत मोलाची. विषबाधा झालेल्याचे कपडे उतरवावे, अंग साबण-पाण्याने धुवावे, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, औषधाचा डबा बरोबर घ्यावा आणि १०८ ची गाडी बोलवावी.

प्लाझ्मा. करोनाच्या साथीत बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील प्लाझ्मासाठी लोकांनी रात्री-अपरात्री किती धावपळ केली, कित्येकांनी कर्ज काढले, हे आपण विसरलो नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी केली. प्लाझ्मा दिल्याने आजार बळावणे थांबले नाही आणि मृत्यूही टळले नाहीत. मे २०२१ मध्ये तो उपचार शासकीय मार्गदर्शनातून वगळला गेला. याउलट डेक्सामेथासोन या अगदी स्वस्त औषधाने, व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. महाग ते चांगले आणि स्वस्त ते हलके, ही समजूत चुकीची आहे. एकाला उपयोगी पडले ते सर्वांनी घ्यावे, हीसुद्धा.

रुग्ण म्हणजे वाफा नव्हे

आता मुख्य गोष्ट. वाफ्याला कोणी विचारत नाही, तुझ्यात नवे बी पेरू काय? माणसाला मात्र विचारलेच पाहिजे. १९४८ च्या त्या चाचणीत ज्यांना औषध दिले नाही, त्या रुग्णांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगितलेही नव्हते. त्या काळी ते चालून गेले. आज चालणार नाही, आणि चालू नये.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. धार आणि देवासचे गरीब रुग्ण मोठ्या आजारासाठी इंदूरला जातात. इंदूरच्या सरकारी रुग्णालयात औषध कंपन्यांच्या चाचण्या चालल्या आहेत आणि रुग्णांना वा त्यांच्या पालकांना नीट न सांगताच कागदावर सह्या-अंगठे घेतले जात आहेत, असे आरोप २०१० च्या सुमारास झाले. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला कडक देखरेखीचे आदेश दिले. संमती घेतानाचे चित्रमुद्रण व्हावे, असेही सांगितले. पुढे २०१९ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या यांचे नवे नियम आले. देशभरच्या रुग्णांना आज जे संरक्षण आहे, त्यामागे माळव्याच्या रुग्णांची ही तक्रार आहे.

दुसरा दाखला आपल्या शाळा-वसतिगृहांनी ध्यानात ठेवावा. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशात शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याच्या एका प्रकल्पात अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी मुख्याध्यापक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांनी सह्या केल्याचे उघड झाले. काही मुलींच्या मृत्यूचा संबंध लशीशी जोडता आला नाही, असे चौकशीत दिसले. पण आईबापांना न विचारण्याचा दोष राहिलाच. एप्रिल २०१० मध्ये काम थांबले, आणि देशात इतरत्र चाललेला या लशीचा एक वेगळा अभ्यासही त्यामुळे अर्धवट राहिला. त्यातल्या कित्येक मुलींना एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी त्यांचा माग दहा वर्षे ठेवला, आणि २०२१ मध्ये दिसून आले की, एकच मात्राही त्या विषाणूपासून जवळपास तितकेच रक्षण करते. या आणि इतर अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मुलींसाठी एक मात्राही चालेल असे सांगितले. म्हणजे लस चांगली निघाली, पण सह्या घेण्याची रीत वाईट होती. चांगल्या कामातही माणसाला विचारणे टाळता येत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात, रुग्णांना बरे करण्यासाठी केलेल्या संशोधनाचे स्वागत आहे. पण माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध असलेले कृत्य संशोधनाच्या नावाने योग्य ठरत नाही, माणसावर गैरवाजवी धोका लादता येत नाही, आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, असे त्यात बजावले आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला मान्यता देणाऱ्या नैतिक समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. समाजसेवक, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांच्यासाठीही तिथे जागा ठेवलेली आहे.

अंगठा लावण्यापूर्वी

कोणी चाचणीसाठी विचारले तर घाबरून पळू नये आणि भिडेखातर होही म्हणू नये. शांतपणे पुढील गोष्टी विचाराव्या.

१. हा माझा नेहमीचा उपचार आहे की चाचणी? चाचणी असल्यास तिची नोंद शासनाच्या नोंदवहीत आहे काय? (२००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे.)

२. माझ्या आजारावर सध्या कोणता उपचार मिळतो, आणि या चाचणीत मला तो मिळेल की बंद होईल?

३. यात कोणता त्रास किंवा धोका संभवतो?

४. नाही म्हटले, किंवा मधूनच सोडले, तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील काय? (राहिलाच पाहिजे. तो आपला हक्क आहे.)

५. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार कोण करील आणि भरपाई कोण देईल? (उपचार मोफत मिळाले पाहिजेत. भरपाई चाचणी करवणाऱ्याने द्यावयाची असते.)

६. माहितीपत्र आणि संमतीपत्र माझ्या भाषेत आहे काय? त्याची प्रत मला मिळेल काय?

ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. गावातील शिकलेला मुलगा, सिस्टर किंवा फादर यांना बरोबर नेण्यास काही हरकत नाही. मात्र फादर-सिस्टरांनीही सही करण्यास भीड घालू नये. वाचून दाखवावे, समजावून सांगावे आणि निर्णय त्या माणसावर सोडावा. आपल्याच देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे धन्य सिस्टर राणी मारिया यांनी गोरगरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी कष्ट घेतले आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यापायी प्राण दिले. गरिबाचा अंगठा किती मोलाचा आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बंधुभगिनींनो, वर सांगितलेले सर्व ज्ञान कोणाच्या तरी अंगातून आलेले आहे. कोणी झारखंडची आई, कोणी धाराशिवची शेतमजूर बहीण, कोणी बारामतीच्या खाटेवरचा शेतकरी. त्यांच्या उपकाराची फेड म्हणून त्या ज्ञानाचा उपयोग तरी करू या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्याने थुंकी तपासून घ्यावी. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि यंदा तूर-हरभरा घरात आला म्हणजे अर्पणाच्या वेळी थोडी डाळ क्षयग्रस्त घरांसाठी वेगळी काढावी. निक्षय मित्र योजनेखाली कोणतीही संस्था वा व्यक्ती अशा रुग्णांच्या शिध्याचा भार उचलू शकते. आपल्या धर्मग्रामाने दोन-तीन कुटुंबांचा भार सहा महिने उचलला, तरी त्या घरांतील लेकरांभोवती डाळीचे कुंपण उभे राहील.